पंचाहत्तर रुपयांचे प्राध्यापक

इंदिरानगरात आमच्या शेजारच्या इमारतीत सांगलीकडचे एक कुटुंब राहते. वडील संगणक-व्यवसायात, आई बँकेत आणि थोरली मुलगी गणित घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. ओळख गणेशोत्सवातली, परगावी मराठी माणसांच्या ओळखी बहुधा तेथूनच सुरू होतात. गेल्या फेब्रुवारीतील एका रविवारी सकाळी वडील एकटेच आले. चहा झाला, शंभर फुटी रस्त्यावरच्या रहदारीला नावे ठेवून झाली, मग हलक्या आवाजात म्हणाले, "साहेब, तुम्ही तिला जरा समजावून सांगा. बी.एड. करून शाळेत गणित शिकवायचे म्हणते." मुलीने संन्यास घ्यायचे ठरवावे, तसा त्यांचा सूर होता. "तुम्ही सरकारात आहात, अर्थशास्त्राचे आहात. तुमचे ऐकेल."

विद्यापीठातील हुशार विद्यार्थी गणित-विज्ञानाच्या शिक्षकीकडे वळावेत कसे, या प्रश्नावर सरकारी कागद पुष्कळ लिहिले गेले आहेत. त्यांतले काही नोकरीच्या निमित्ताने मलाही वाचावे लागले. परंतु त्या सकाळी मला जाणवले की समोरच्या माणसाला देता येईल असे उत्तर त्या कागदांत नाही. मी एवढेच म्हटले की पुढच्या रविवारी बसवनगुडीच्या गोखले संस्थेत व्याख्यान आहे, दोघेही माझ्याबरोबर चला.

इंदिरानगरला जांभळ्या मार्गाची मेट्रो पकडायची, मॅजेस्टिकला उतरून हिरव्या मार्गाची घ्यायची आणि 'नॅशनल कॉलेज' या स्थानकावर बाहेर पडायचे. मुलीने वाटेतच विचारले, "काका, गोखले म्हणजे आपले गोखले का?" होय, आपलेच. थोर कन्नड लेखक डी. व्ही. गुंडप्पा यांनी १९४५ मध्ये ही संस्था स्थापली आणि तिला गोपाळ कृष्ण गोखल्यांचे नाव दिले. पुण्यातल्या एका मास्तराचे नाव कन्नड माणसाने बंगळूरमध्ये इतक्या आदराने जपावे, याचे येथे राहणाऱ्या मराठी माणसाला कौतुक वाटले पाहिजे. बहुतेकांना ते ठाऊकच नसते. "मास्तर?" वडील म्हणाले. "ते तर पुढारी होते ना?" त्या प्रवासात जे सांगितले आणि जे सांगायचे राहून गेले, ते येथे लिहितो आहे.

आपल्याकडे इंग्रजी शिक्षणाच्या आरंभी गणित शिकवणे ही पहिल्या प्रतीच्या बुद्धीने करावयाची गोष्ट मानली जात असे. बाळशास्त्री जांभेकर एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवीत. दादाभाई नौरोजी १८५५ मध्ये तेथेच गणित आणि पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते. हिंदुस्थानच्या दारिद्र्याचा हिशेब मांडणारा माणूस आधी गणिताचा शिक्षक होता, हे आम्हां अर्थशास्त्रवाल्यांनी विसरू नये. पुण्यात केरो लक्ष्मण छत्रे होते. त्यांच्या हाताखाली डेक्कन कॉलेजात शिकून बाळ गंगाधर टिळक १८७७ मध्ये गणित घेऊन बी.ए. झाले, पुढे कायद्याची पदवीही घेतली. आणि वकिली न करता ते शाळेत गणित शिकवू लागले.

ती शाळा म्हणजे जानेवारी १८८० मध्ये उघडलेले न्यू इंग्लिश स्कूल. विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी शाळेची नोकरी सोडून आले. टिळक व नामजोशी आले. मागून आगरकर आणि कोशकार वामन शिवराम आपटे आले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १८८५ च्या जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. या मंडळींनी स्वतःसाठी जो नियम केला तो प्रसिद्ध आहे. आजीव सभासद व्हायचे, म्हणजे वीस वर्षे संस्थेची सेवा करायची. वेतन सर्वांना सारखे आणि अल्प, पुढे ते दरमहा पंचाहत्तर रुपये असे रूढ झाले. टिळकांसारख्या वकिलाला किंवा आगरकरांसारख्या एम.ए. झालेल्याला बाहेर याच्या कितीतरी पट मिळाले असते. अर्थशास्त्रात ज्याला 'सोडलेल्या संधीची किंमत' म्हणतात, ती येथे फार मोठी होती, आणि तरीही माणसे येत राहिली.

ती कोण होती, हे पाहण्यासारखे आहे. १८८५ मध्ये एल्फिन्स्टनमधून नुकताच बाहेर पडलेला एकोणीस वर्षांचा गोखले आला. इंग्रजी, गणित, पुढे इतिहास आणि अर्थशास्त्र, जे पडेल ते त्याने शिकवले. त्याने तयार केलेले अंकगणिताचे पुस्तक पुष्कळ वर्षे शाळांतून चालले. १८९० मध्ये टिळक संस्था सोडून गेले, तेव्हा गणित शिकवायला कोण, हा प्रश्न उभा राहिला. गोखल्यांनी आपल्या एल्फिन्स्टनच्या सहाध्यायाला, धोंडो केशव कर्वे यांना बोलावले. १८९१ पासून १९१४ पर्यंत कर्व्यांनी फर्ग्युसनमध्ये गणित शिकवले. आपण त्यांना स्त्रीशिक्षणासाठी ओळखतो; परंतु कॉलेजातले तास संपवून मग हिंगण्याच्या आश्रमाकडे पायी निघणारा तो माणूस पेशाने गणिताचा प्राध्यापक होता.

आणि मग रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. दापोलीजवळच्या मुर्डीचा हा मुलगा फर्ग्युसनमध्ये शिकला, सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेला आणि १८९९ मध्ये तेथील गणिताच्या परीक्षेत पहिल्या क्रमांकाचा मानकरी, म्हणजे 'सीनियर रँग्लर' झाला. असा मान मिळवणारा तो पहिला हिंदी मनुष्य. (पहिला क्रमांक बर्टविसल नावाच्या एका इंग्रज विद्यार्थ्याबरोबर विभागून होता, आपले चरित्रकार हे बहुधा सांगत नाहीत.) सरकारी नोकरीचे दरवाजे त्यानंतर त्याच्यापुढे सताड उघडे होते. पण फर्ग्युसनला परत येण्याचा शब्द त्याने दिला होता. तो परत आला, १९०२ मध्ये प्राचार्य झाला आणि दोन दशके त्या पदावर राहिला. जगातल्या त्या वर्षीच्या सर्वांत कठीण परीक्षेत पहिला आलेला माणूस पुण्यात पंचाहत्तर रुपयांच्या वेतनावर बी.ए.च्या वर्गाला गणित शिकवतो, ही गोष्ट आजच्या कोणत्याही प्रोत्साहन-योजनेला साधलेली नाही.

येथवर सांगितले की ऐकणारा म्हणतो, "ते दिवसच वेगळे, ती माणसेच वेगळी." शेजाऱ्यांनीही तेच म्हटले. हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. माणसे वेगळी असती तर ती भांडली नसती, आणि ही माणसे कडाडून भांडली.

भांडण पैशाचे आणि वेळेचे होते. टिळकांचे म्हणणे, आजीव सभासदाने आपला सर्व वेळ संस्थेला द्यावा, बाहेरची कामे आणि बाहेरची कमाई करू नये, वेतनवाढही मागू नये. आगरकर, आपटे यांचे म्हणणे, संसार चालवायचा तर थोडी वाढ हवी आणि बाहेर काय करावे हा ज्याचा त्याचा प्रश्न. शेवटची ठिणगी पडली ती गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारले तेव्हा. १८९० मध्ये टिळकांनी राजीनामा दिला; त्यांचे ते प्रदीर्घ राजीनामापत्र प्रशासनाच्या विद्यार्थ्याने अवश्य वाचावे असे आहे. मला ते वाचताना आमचे १९६४ चे वर्तणूक नियम आठवतात. त्यांतला पंधरावा नियम खाजगी व्यापार आणि बाहेरच्या नोकरीविषयीच आहे. टिळक-आगरकरांच्या वादाची निम्मी कलमे तेथे कोरड्या सरकारी भाषेत बसलेली दिसतात. फरक इतकाच की आमच्यासाठी तो नियम दुसऱ्या कोणी केला, आणि त्यांनी तो स्वतःसाठी करून त्यावर स्वतःच रण माजवले.

माझ्या मते या फरकातच सगळे आले. फर्ग्युसनच्या गोष्टीतून आपण नेहमी त्याग तेवढा उचलतो. परंतु आजीव सभासद हा संस्थेचा नोकर नव्हता, तो तिचा भागीदार होता. कोणी काय शिकवावे, नवा माणूस घ्यावा की नाही, इमारत कोठे बांधावी, वर्गणी कोठे मागावी, हे सारे त्या सभासदांच्या बैठकीत ठरत असे. एकोणीस वर्षांचा पोरगा आला तरी काही दिवसांत त्याला त्या बैठकीत जागा आणि मत मिळत असे. शिवाय भोवती आपल्याच तोडीची माणसे. पंचाहत्तर रुपये ही तेथे येण्याची किंमत होती. येण्याचे कारण या दोन गोष्टी होत्या.

या व्यवस्थेचे हिशेबपुस्तक उघडले तर त्यात न लिहिलेल्या रकमाही आहेत, हे मान्य केले पाहिजे. असा त्याग करू शकणारी माणसे जवळजवळ सर्व एकाच जातीतून आलेली होती, कारण पदवीपर्यंत पोचणेच तेव्हा तिच्या आवाक्यात होते. आणि पुरुषाने शपथ घेतली की ओढाताण घरातल्या बाईने सोसायची, असा अलिखित करार होता. बाया कर्व्यांचे 'माझे पुराण' वाचणाऱ्याला तो कळतो. आगरकर तर १८९५ मध्ये, चाळिशी गाठण्याच्या आधीच गेले.

पहिली त्रुटी भरून काढण्याचे काम साताऱ्याकडे झाले. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह आले. १९३५ मध्ये ग्रामीण शिक्षक तयार करण्यासाठी स्वतंत्र अध्यापन विद्यालय आले. वसतिगृहात राबून शिकलेला मुलगा पुढे त्याच संस्थेच्या शाळेवर शिक्षक म्हणून जाई. त्यालाही ती शाळा आपली वाटे, कारण तिच्या भिंतींना त्याच्या हाताचा गारा लागलेला असे. रयतेवर लिहिण्यासारखे पुष्कळ आहे. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

शाळेतला गणित-शिक्षक म्हटले की मला एक नाव टाळता येत नाही. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर फर्ग्युसनचेच विद्यार्थी. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजप्यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये पदवी झाली, आणि १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे ते देवळालीला शाळेत शिकवत राहिले. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठात जागा नाही. संख्यांशी खेळणारा विक्षिप्त मास्तर म्हणून कित्येक गणितज्ञांनी त्यांची थट्टाही केली. पुढे १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि जगाला हे देवळालीचे मास्तर माहीत झाले.

त्यांचा ६१७४ हा स्थिरांक मी मेट्रोत बापलेकींना करून दाखवला. कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, मात्र चारही अंक एकच नसावेत. अंक उतरत्या क्रमाने मांडावे, मग चढत्या क्रमाने, आणि मोठीतून लहान वजा करावी. उत्तरावर पुन्हा तेच. १९४७ घेतले तर ९७४१ वजा १४७९ म्हणजे ८२६२. मग ८६२२ वजा २२६८, ६३५४. मग ६५४३ वजा ३४५६, ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, ६१७४. पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येते. आणि सुरुवात कोठूनही करा, सात वजाबाक्यांच्या आत तेथे पोचायला होते. मुलीला हे ठाऊक होते. हा माणूस शाळामास्तर होता आणि फर्ग्युसनचा होता, हे मात्र तिला ठाऊक नव्हते.

स्वातंत्र्यानंतर हे काम सरकारने आपल्या अंगावर घेतले. १९६३ मध्ये अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि म्हैसूर येथे प्रादेशिक शिक्षण महाविद्यालये निघाली. बारावीनंतर मुलाला थेट शिक्षकाच्या वाटेवर घ्यायचे आणि चार वर्षांत विज्ञानाची पदवी व अध्यापनाची पदवी एकदमच द्यायची, ही त्यांमागची कल्पना. महाराष्ट्र-गोव्याच्या मुलांसाठी भोपाळ, येथल्यांसाठी म्हैसूर. १९७४ मध्ये मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र निघाले आणि त्यातल्या शास्त्रज्ञांनी जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याच्या परिसरातील शाळांत जाऊन विज्ञान कसे शिकवावे याचे प्रयोग केले. या सर्व गोष्टी चांगल्याच होत्या. चार वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम तर इतका चांगला होता की २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तोच पुन्हा काढून २०३० पर्यंत शिक्षकाची किमान पात्रता करण्याचे ठरवले. साठ वर्षांपूर्वीची कल्पना नवी म्हणून सादर होणे, हे आमच्या खात्यांत फारसे नवलाचे नसते.

पण अभ्यासक्रम बाहेर पडणाऱ्या मुलाला कोठे नेऊन सोडतो, तेही पाहावे लागते. महाराष्ट्रात २००० पासून शिक्षणसेवकाची पद्धत आहे. नव्या शिक्षकाने पहिली तीन वर्षे ठराविक मानधनावर काम करायचे, मग वेतनश्रेणी. हे मानधन अनेक वर्षे प्राथमिकला सहा हजार, माध्यमिकला आठ हजार आणि उच्च माध्यमिकला नऊ हजार होते. २०२३ मध्ये ते सोळा, अठरा आणि वीस हजार झाले. तिजोरीच्या दृष्टीने मी या योजनेकडे पाहू शकतो, तो माझा धंदाच आहे. पण 'सेवक' हा शब्द वाचला की मला फर्ग्युसन आठवते. अल्प वेतनाची ती जुनी शपथ आपण सक्तीची करून घेतली आणि तिच्याबरोबर येणारी बैठकीतली जागा तेवढी गाळली.

येथे थोडे स्वतःविषयी लिहितो. एम.ए. झाल्यावर मी एक वर्ष एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवले आहे. त्यानंतर स्पर्धा परीक्षा दिली आणि सरकारी नोकरीत आलो. शिकवणे का सोडले, असे कोणी विचारले की गेली तीस वर्षे मी 'पैशामुळे' असे सांगत आलो. ते खोटे नाही, पण पूर्ण खरेही नाही. त्या महाविद्यालयात मला शिक्षककक्षात खुर्ची नव्हती. दोन तासांच्या मध्ये मी जिन्याजवळ उभा राहून मुलांच्या वह्या तपासत असे. वेळापत्रक बदलले की शिपाई सांगे. मुलांना सांख्यिकी जड जाते, तेव्हा आठवड्याला एक तास वाढवावा, अशी चिठ्ठी मी लिहून दिली होती. तिचे काय झाले ते कळले नाही. खुर्ची असती तर मी राहिलो असतो का? कदाचित राहिलो असतो. हे त्या रविवारी मेट्रोत बसल्यावर प्रथमच मोठ्याने म्हणालो, आणि मुलगी माझ्याकडे जरा निराळ्या नजरेने पाहू लागली.

'नॅशनल कॉलेज' स्थानकाला नाव देणाऱ्या कॉलेजात एच. नरसिंहय्या भौतिकशास्त्र शिकवीत. अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन ते परत आले आणि त्याच कॉलेजच्या वसतिगृहातल्या एका खोलीत खादीच्या कपड्यांत आयुष्यभर राहिले. १९६२ मध्ये त्यांनी बंगळूर सायन्स फोरम काढला, मधल्या काळात बंगळूर विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि २००५ मध्ये वारले. त्यांनाही त्यागमूर्ती म्हणतात. पण ते कॉलेज म्हणजेच नरसिंहय्या अशी येथल्या जुन्या माणसांची समजूत आहे. त्या खोलीचे भाडे त्यांनी कोणत्या नाण्यात चुकवले असेल ते असो, सत्ता त्या खोलीतून चालत असे.

व्याख्यान बरे झाले. विषय गोखल्यांचा नव्हता, पण सभागृहात त्यांची तसबीर होती. मी शेजाऱ्यांना म्हटले, १९०२ मध्ये फर्ग्युसन सोडले त्याच वर्षी या मास्तराने कायदे मंडळात अर्थसंकल्पावर पहिले भाषण केले, आणि दुष्काळाने पिचलेल्या देशात सरकारी शिल्लक म्हणजे भरभराट नव्हे, जादा करवसुली होय, असे सरकारच्याच आकड्यांनी दाखवून दिले. पुढे १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले, ते पडले. अंकगणिताचे पुस्तक लिहिणाऱ्याला बेरजा येतातच. शेजारी तसबिरीकडे पाहत राहिले.

परतताना त्यांनी मला सरळच विचारले, "मग साहेब, तुमचा सल्ला काय?" मी म्हटले, तिला अडवू नका, पण पहिल्या शाळेत नेमणूकपत्र घेण्याआधी तिने पगाराखेरीज आणखी काही विचारावे. गणिताचे वेळापत्रक कोण करते? पाठ्यक्रमात काय आधी, काय मागून, हे ठरवताना शिक्षकाला विचारतात का? गणित-विज्ञानाचे शिक्षक आठवड्यातून एकदा तरी एकत्र बसतात का? आणि बसायला जागा कोठे आहे? मुलगी म्हणाली, "काका, असे विचारले तर ते नेमणूकच देणार नाहीत." मी म्हटले, तर ती शाळा तुझी नव्हे. हे बोलायला मला सोपे आहे, माझी निवृत्ती आता जवळ आली आहे. हेही मी तिला सांगितले.

वडील बराच वेळ गप्प होते. मॅजेस्टिकला गाडी बदलल्यावर त्यांनी खिशातून व्याख्यानाची पत्रिका काढली आणि तिच्या पाठीमागे आपल्या मोटारीच्या क्रमांकाचे चार आकडे लिहिले. विधानसौध गेले, कब्बन पार्क गेले. दुसऱ्या वजाबाकीत त्यांचा हातचा चुकला होता, तो मुलीने दाखवला; त्यांनी खोडून पुन्हा मांडले. हलसूर सुटले तेव्हा चौथी वजाबाकी चालू होती. इंदिरानगरला दरवाजे उघडले, आम्ही दोघे उतरलो आणि मागे वळून पाहिले, तर ते अजून आतच, पेन हातात. "बाबा!" मुलीने हाक मारली.